युद्धकालीन जपानी तलवारीवरील नाव, तारीख आणि शिक्के कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यात होते आणि १९४५ च्या अखेरीस मलायातून परतताना त्यांनी एक जपानी तलवार सोबत आणली. मूठ उतरवल्यावर आतल्या पोलादावर एका बाजूला उभ्या ओळीत अक्षरे, त्यांच्या वर एक अगदी लहान शिक्का, दुसऱ्या बाजूला आणखी काही अक्षरे आणि लाल रंगातला पुसट आकडा दिसतो. ही तलवार कोणी केली, कधी केली, ती सामुराईंच्या काळातली आहे का आणि अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून गंज काढावा का, असे चार प्रश्न त्यांनी छायाचित्रांसह विचारले आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण तिथे उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. मुठीच्या आत राहणाऱ्या पात्याच्या भागाला जपानीत नाकागो म्हणतात. त्यावरचा गंज कधीही काढू नये. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, गंज काढणारे द्रावण, लिंबू, चिंच, यांपैकी काहीही लावू नये. नाकागोवरच्या गंजाचा रंग, जाडी आणि तो अक्षरांच्या खोबणीत किती समान उतरला आहे, हा पात्याच्या वयाचा आणि सहीच्या खरेपणाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो. जपानमध्ये पात्याला पुन्हा झिलई देणारे कारागीरही नाकागोला हात लावत नाहीत. घासून चकचकीत केलेला नाकागो मी पाहतो तेव्हा त्या तलवारीबद्दल बोलण्यासारखे निम्मे उरलेलेच नसते.

आता खुणांकडे वळू. एकाच नाकागोवर दिसणाऱ्या सगळ्या खुणा एका माणसाने केलेल्या नसतात, हे मनात पक्के ठेवले तर पुढचा बराच गोंधळ टळतो. छिन्नीने कोरलेली अक्षरे म्हणजे कारागिराचे नाव, गाव आणि तारीख. याला मेई म्हणतात. साच्याने ठोकलेला लहान शिक्का तपासणी करणाऱ्या संस्थेचा किंवा लष्करी शस्त्रागाराचा असतो. रंगाने लिहिलेले किंवा ठोकलेले सुटे आकडे पाते, मूठ आणि म्यान जुळवणाऱ्या कारखान्यातले असतात. नवखा माणूस नावाच्या मागे लागतो आणि शिक्का दुर्लक्षितो. युद्धकाळातल्या पात्याबाबत मात्र तलवार कशी बनली हे नावापेक्षा शिक्काच अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

तुमच्या छायाचित्रातला शिक्का मी वाढवून पाहिला. बाहेर दोन पाखांच्या दरवाजासारखी चौकट आणि तिच्या आत तिरप्या रेघांचे लहान चिन्ह, असा तो आहे. हे ‘सेकी’ हे अक्षर. सेकी हे गिफू प्रांतातले गाव कित्येक शतकांपासून धारदार हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे, आजही तिथे सुऱ्या-कात्र्या मोठ्या प्रमाणावर बनतात, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारींचा सर्वांत मोठा पुरवठा तिथूनच झाला. हा शिक्का तिथल्या हत्यार उत्पादकांच्या संघटनेच्या तपासणीचा आहे. याच्या जोडीने नेहमी आढळणारा दुसरा शिक्का लंबगोलात असतो आणि त्यात ‘शो’ हे अक्षर असते: डावीकडे मध्ये आडवी रेघ असलेला उभा चौकोन, उजवीकडे वर वळलेली रेघ आणि तिच्याखाली रिकामा चौकोन. तारीख कोरलेली जी पाती उपलब्ध आहेत त्यांवरून दिसते की ‘शो’चा शिक्का आधीच्या वर्षांत अधिक आणि ‘सेकी’चा नंतरच्या वर्षांत अधिक वापरला गेला. दोन्हींचा व्यावहारिक अर्थ जवळपास एकच आहे. पाते लष्करी वापरासाठी तपासून मान्य केलेले आहे, पण ते पारंपरिक पद्धतीने घडवलेले नाही.

पारंपरिक पद्धत म्हणजे लोहयुक्त वाळू आणि कोळसा यांच्यापासून मातीच्या भट्टीत काढलेले तामाहागाने हे पोलाद, त्याच्या वारंवार घातलेल्या घड्या, आणि शेवटी मातीचा लेप देऊन तापवलेले पाते पाण्यात बुडवणे. सेकीतल्या बहुतांश युद्धकालीन पात्यांना यंत्रउद्योगात तयार झालेले पोलाद वापरले जाई आणि ते तेलात थंड केले जाई, कारण पाण्यात पात्याला तडा जाण्याचा धोका मोठा असतो आणि मागणी इतकी होती की वाया जाणारी पाती परवडत नव्हती. अशा तलवारीला शोवातो म्हणतात. धारेजवळची ढगाळ पांढरी पट्टी तिलाही असते, पण भिंगातून पाहिले तर पारंपरिक पात्याच्या पट्टीत दिसणारे बारीक चकाकते कण आणि धुक्यासारखे पदर तिथे दिसत नाहीत. शिक्का पाहिल्यावर ही पट्टी नक्की पाहावी. दोन्ही पुरावे एकाच दिशेने बोलत असतील तर निष्कर्ष पक्का होतो.

तारीख वाचणे अनेकांना वाटते तितके अवघड नाही, आणि जपानी भाषा न येणाऱ्यालाही ते शिकता येते. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला शोवा म्हणतात आणि १९२६ हे तिचे पहिले वर्ष, त्यामुळे शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो. तारखेच्या ओळीत सुरुवातीला ‘शोवा’ची दोन अक्षरे, मग अंक, मग वर्ष, पुन्हा अंक, मग महिना, असा क्रम असतो. एक, दोन, तीन हे अंक तितक्याच आडव्या रेघांचे असतात, दहा म्हणजे अधिकचे चिन्ह, आणि आठ म्हणजे वरून खाली एकमेकींपासून दूर जाणाऱ्या दोन रेघा. तुमच्या पात्याच्या मागच्या बाजूला ‘शोवा’नंतर दहा आणि आठ आहे, म्हणजे शोवा १८, म्हणजे १९४३. काही पात्यांवर शोवाऐवजी जपानी राजवंशाचा संवत असतो. त्यातून ६६० वजा करायचे. त्या गणनेत २६०० हे वर्ष १९४० ला आले आणि ते जपानभर साजरे झाल्यामुळे त्या वर्षीच्या अनेक पात्यांवर मुद्दाम तसे कोरले गेले. लष्करी तलवारींच्या नमुन्यांची नावेही याच संवताच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून पडली आहेत: १९३४ चा नमुना ९४, १९३५ चा ९५ आणि १९३८ चा ९८.

पुढच्या बाजूची ओळ ‘नोशू सेकी जू काने…’ अशी सुरू होते, म्हणजे मिनो प्रांतातल्या सेकी गावचा रहिवासी काने अमुक. नोशू किंवा मिनो हे आजच्या गिफूच्या दक्षिण भागाचे जुने नाव. शेवटचे अक्षर ‘साकू’, म्हणजे ‘याने केले’. ‘काने’ हे अक्षर आडव्या रेघांची दाटी, त्यांना छेदणाऱ्या दोन उभ्या रेघा आणि खाली फाकलेले दोन पाय यांवरून ओळखता येते. अडचण त्याच्यानंतरच्या अक्षराची आहे. ते नेमके मुठीची खुंटी जाते त्या छिद्राच्या कडेला आले असून तिथे गंजाचा पापुद्रा आहे. मिनो परंपरेत मध्ययुगापासून शेकडो कारागिरांनी ‘काने’पासून सुरू होणारी नावे घेतली आहेत, आणि युद्धकाळात सेकीत अशा नावाचे कारागीर पुष्कळ होते. त्यामुळे हे दुसरे अक्षर वाचल्याशिवाय मी कोणतेही नाव सांगणार नाही. अंदाजाने सांगितलेले नाव पुढे घरात खरे मानले जाते आणि मग ते पुसता येत नाही.

नाव वाचता आले तरी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, आणि माझ्या मते या विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सेकीत युद्धकाळात पाते घडवणारा आणि त्यावर नाव कोरणारा हे बहुधा दोन वेगळे लोक असत. नाव कोरण्याचेच काम करणारे व्यावसायिक होते, त्यांना नाकिरिशी म्हणतात, आणि एकच नाकिरिशी अनेक कारागिरांची नावे कोरीत असे. म्हणून दोन वेगळ्या नावांच्या पात्यांवर एकाच हाताचे वळण दिसते, आणि एकाच नावाच्या दोन पात्यांवर वळण वेगवेगळे दिसू शकते. जुन्या काळातल्या तलवारीच्या बाबतीत सहीचे वळण जुळले नाही की आपण ती बनावट ठरवतो; तोच नियम सेकीच्या १९४० नंतरच्या पात्याला लावणे चूक आहे. इथे वळणातला फरक हा लबाडीचा पुरावा ठरत नाही, तो त्या काळच्या कामाच्या विभागणीचा परिणाम आहे.

सही खरी आहे की नंतर घातलेली, हे मात्र तरीही तपासता येते. छिन्नीने कोरताना प्रत्येक रेघ लहान लहान ठोक्यांनी पुढे सरकते आणि खोबणीच्या कडेला पोलादाची बारीक कोर वर उचलली जाते. तिरप्या प्रकाशात भिंगातून ती दिसते, बोटालाही किंचित लागते. विजेच्या कोरणीने केलेल्या रेघेत हे ठोके नसतात, आम्लाने खाल्लेल्या रेघेला कोरच नसते. खोबणीच्या तळाचा गंज आणि बाजूच्या पृष्ठभागाचा गंज एकाच वयाचा दिसला पाहिजे. आत उजळ आणि बाहेर काळे असेल तर सावध व्हावे. तुमच्या छायाचित्रांत कोर स्पष्ट आहे आणि गंज समान आहे, त्यामुळे ही सही पात्याबरोबरचीच आहे याबद्दल मला शंका नाही.

सही कोणत्या बाजूला आहे तेही नोंदवावे. टोक वर आणि सही आपल्याकडे धरून पात्याची धार डावीकडे आली तर ती कातानाची, म्हणजे धार वर ठेवून कमरेत खोवायच्या तलवारीची रीत, उजवीकडे आली तर ताचीची, म्हणजे धार खाली ठेवून लटकवायच्या तलवारीची. लष्करी तलवार धार खाली ठेवून ताचीसारखी लटकवली जाई, तरी सेकीच्या पात्यांवर कातानाची रीत सर्रास दिसते, आणि यासुकुनीसारख्या ठिकाणी ताचीची रीत पाळली जाई.

यासुकुनीचे नाव आले म्हणून इतर खुणांबद्दल सांगतो, कारण तुमच्यासारख्या आणखी घरांत वेगळ्या खुणांची पाती असू शकतात. तोक्योतल्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात सुमारे ८,१०० तलवारी पूर्ण पारंपरिक पद्धतीने घडवल्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी शिमाने प्रांतात तामाहागानेची भट्टी पुन्हा पेटवण्यात आली. तिथल्या कारागिरांची नावे ‘यासू’ने सुरू होतात, जसे यासुनोरी, यासुमित्सु, यासुहिरो, आणि त्यांच्या पात्यांवर ‘शो’ किंवा ‘सेकी’ असा शिक्का नसतो. कोबे शहरातल्या मिनातोगावा देवस्थानात नौदलासाठी घडवलेल्या पात्यांवर सहीच्या वर पाण्याच्या लाटेवर तरंगणारे शेवंतीचे फूल कोरलेले असते. ते त्या देवस्थानात पुजल्या जाणाऱ्या कुसुनोकी मासाशिगे या योद्ध्याचे चिन्ह आहे. ही खूण मी अजून भारतात एकाही घरात पाहिलेली नाही, पण दिसली तर ती ओळखता आली पाहिजे.

पाच टोकांची साधी चांदणी ठोकलेली असेल तर मनापासून आनंद मानावा. सैन्याने काही निवडक कारागिरांना मान्यता देऊन त्यांना तामाहागाने पुरवले आणि त्यांच्याकडून पारंपरिक पाती करून घेतली. चांदणी ही त्या स्वीकृत पात्यांची खूण आहे आणि ती साधारणपणे १९४२ नंतरच्या पात्यांवर येते. चांदणी ‘शो’च्या शिक्क्याइतकीच लहान असते, गंजाखाली ती नुसता ठिपका वाटते, आणि लोक तिच्याकडे पाहतही नाहीत. ही पाती जपानमध्ये आजही कलावस्तू म्हणून नोंदवता येतात. शोवातो मात्र तिथे कलावस्तू मानली जात नाही, त्यामुळे तिची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय ती तिथे बाळगता येत नाही. ‘जपानला नेऊन दाखवू’ असा विचार करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

वर्तुळातला नांगर हा आइची प्रांतातल्या तोयोकावा नौदल शस्त्रागाराचा शिक्का आहे. ते शस्त्रागार डिसेंबर १९३९ मध्ये उभे राहिले आणि ७ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, त्यामुळे सही-तारीख नसलेल्या पात्यालाही या एका शिक्क्याने काळाची चौकट मिळते. नौदलाची कित्येक पाती समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी न गंजणाऱ्या पोलादाची असतात आणि त्यांवर सही नसणेच नेहमीचे आहे. वर तिरप्या रेघा आणि खाली चौकोन असे ‘ना’चे अक्षर नागोया शस्त्रागाराचे, डावीकडे त्रिशूळासारखे ‘डोंगरा’चे चिन्ह असलेले अक्षर गिफूचे.

मांचुरियातली, म्हणजे ईशान्य चीनमधली, पाती हा स्वतंत्र आणि फार रंजक प्रकार आहे. दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीने दालियनच्या आपल्या कारखान्यात तिथल्याच लोखंडापासून, बाहेर कठीण पोलादाचे वेष्टण आणि आत मऊ गाभा अशा रचनेची पाती बनवली, जी कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होत नसत. यांवर कोणा एका कारागिराचे नाव नसते. त्याऐवजी ‘कोआ इश्शिन, मांतेत्सु यांनी केले’ असे असते. मांतेत्सु हे त्या रेल्वे कंपनीचेच संक्षिप्त नाव, आणि ‘कोआ इश्शिन’ या घोषवाक्याचा अर्थ आशियाच्या उन्नतीसाठी एकचित्त. मागच्या बाजूला तारीख अंकांत लिहिलेली नसून साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने दिलेली असते आणि शेवटी ‘वसंत’ असे येते. कानोए-तात्सु म्हणजे १९४०, कानोतो-मी म्हणजे १९४१, मिझुनोए-उमा म्हणजे १९४२, मिझुनोतो-हित्सुजी म्हणजे १९४३. नाकागोच्या पाठीवर काना लिपीतले एक अक्षर आणि क्रमांक ठोकलेला असतो. ही तलवार यंत्रकारखान्यातली असूनही अभ्यासक तिला मान देतात, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

हवालदार आणि तत्सम दर्जाच्या जवानांना दिलेली १९३५ च्या नमुन्याची तलवार वेगळी ओळखावी. तिच्या पात्यावर मुठीजवळ, उघड्या पोलादावरच, क्रमांक ठोकलेला असतो आणि तोच म्यानाच्या तोंडाशी असतो. सही नसते, मूठ खुंटीऐवजी स्क्रूने बसवलेली असते, आणि मूठ सुरुवातीला धातूची तर अखेरीस लाकडी असते. मुठीच्या पात्याकडच्या टोकाला असलेल्या धातूच्या कड्यावर तोक्योसाठी ‘तो’, नागोयासाठी ‘ना’, कोकुरासाठी ‘को’ असे तपासणी शिक्के दिसतात. आज बाजारात नकली तलवारी सर्वाधिक याच नमुन्याच्या आहेत. खऱ्या तलवारीवरचे आकडे एकेक ठोकलेले, किंचित वरखाली असतात. नकलीवर ते एकसारखे आणि खोल असतात, आणि बऱ्याच वेळा हवालदाराच्या पात्याला अधिकाऱ्याच्या मुठीची सजावट जोडलेली असते. झिलई दिलेल्या उघड्या पात्यावर सुंदर जपानी अक्षरांची ओळ कोरलेली दिसली तर खरेदीचा विचार तिथेच थांबवावा. सहीची जागा नाकागो आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. ही तलवार सामुराईंच्या काळातली नाही. ती १९४३ ची आहे आणि शिक्का तसेच सांगतो. पण हा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण अनेक अधिकाऱ्यांनी घरचे जुने पाते लष्करी मुठीत बसवून नेले होते. अशा पात्याच्या नाकागोला एकाहून अधिक छिद्रे असतात, तो कधी खालून कापून आखूड केलेला असतो, गंज गडद तपकिरी-काळा आणि मऊसर असतो, आणि युद्धकालीन शिक्का बहुधा नसतो. मुठीच्या टोकाला चांदीचे कुलचिन्ह असेल तर ते कुटुंबाकडे बोट दाखवते. मात्र अशा जुन्या पात्यावर एखादे फार प्रसिद्ध नाव दिसले तर ते खोटे असण्याची शक्यता आधी धरावी; जपानमध्ये प्रसिद्ध नावे शतकानुशतके खोटी घातली गेली आहेत आणि पाते चांगले असूनही सही खोटी असू शकते.

लाल रंगातला आकडा जुळवणीचा आहे. तोच आकडा हातरक्षक चकतीवर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पत्र्यांवर ठोकलेला आहे का ते पाहा. तो जुळला तर पाते आणि मूठ १९४३ पासून एकत्र आहेत असे म्हणता येईल, आणि आजोबांच्या तलवारीची सजावट नंतर बदललेली नाही हेही सिद्ध होईल. तो रंग पुसू नका.

१९४५ च्या सप्टेंबरमध्ये आग्नेय आशियातल्या शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी प्रत्यक्ष सुपूर्द कराव्यात, असा लॉर्ड माउंटबॅटन यांचा आग्रह होता. त्यामुळे अशा तलवारी हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडे आणि पलटणींच्या भोजनगृहांत मोठ्या संख्येने आल्या, आणि महाराष्ट्रातल्या लष्करी घरांत त्या आजही सापडतात. सुपूर्द करताना काहींना लाकडी पाटी किंवा कापडी चिठ्ठी बांधलेली असे, जिच्यावर मूळ मालकाचे नाव आणि हुद्दा लिहिलेला असे. म्यानाच्या कडीत, जुन्या पेटीत, आजोबांच्या कागदपत्रांत अशी चिठ्ठी शोधा. कारागिराच्या नावापेक्षा ती अधिक दुर्मीळ आहे.

राहिलेले अक्षर वाचण्यासाठी नाकागोवर पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. गंजाला न दुखवता खोबणीचा ठसा उमटतो. त्यासोबत एका बाजूने जवळजवळ सपाट येणाऱ्या प्रकाशात, टोक वर धरून, दोन्ही बाजूंचे पूर्ण छायाचित्र घ्या, आणि छिद्राजवळचे अक्षर वेगळे घ्या. पात्याच्या उघड्या भागावर हलक्या खनिज तेलाचा अगदी पातळ थर द्या, बोटांचे ठसे राहू देऊ नका, नाकागोला तेल लावू नका. मूठ पुन्हा बसवताना खुंटी हातानेच दाबा. तलवार बाळगण्याबाबत १९५९ चा शस्त्र कायदा आणि तुमच्या जिल्ह्यातल्या अधिसूचना लागू होऊ शकतात, म्हणून ती घराबाहेर नेण्यापूर्वी किंवा कोणाला देण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याकडून लेखी माहिती घ्या. पेन्सिलचा ठसा आणि ती दोन छायाचित्रे पाठवलीत की ‘काने’नंतरचे अक्षर वाचून पाहतो.